तीन कारखाने, तीन व्हर्जन: गिट टॅग, रिलीज आणि रात्रीचा डंप नीट कसा लावायचा?

जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी आमचं चौघांच्या टीमचं सॉफ्टवेअर आहे: सुताची आवक, कोणतं बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) कोणत्या मागावर चढलं, पाळीनुसार पीस, जॉबवर्कची मजुरी आणि जीएसटीची बिलं. पायथन-जँगोत लिहिलेलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीन ठिकाणी चालतं. दोन ठिकाणी उबुंटूवर पोस्टग्रेस १५ आहे, तिसऱ्या ठिकाणी विंडोज मशीनवर मायएसक्यूएल ८.

कोड गिटमध्ये आहे, पण एकाच ब्रँचवर सगळे कमिट. नवं व्हर्जन द्यायचं तर पेनड्राइव्हवर फोल्डर न्यायचं आणि जुन्यावर टाकायचं. रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, निघतो आणि त्याच डिस्कवर पडतो. सर्वांत मोठा डेटाबेस ६ जीबीचा.

अडचणी अशा. कोणत्या कारखान्यात नेमका कोणता कोड चालू आहे ते सांगता येत नाही. नवं व्हर्जन बिघडलं तर मागे कसं यायचं ते ठरलेलं नाही, कारण टेबलंही बदललेली असतात. डंप वेळेवर चांगला निघेल याची खात्री नाही. आणि एका कारखान्यात नेटचा भरवसा नाही, त्यामुळे सर्व्हरवरून थेट पुल करता येत नाही.

मार्चअखेरच्या आधी हे मार्गी लावायचंय. एसएसएचने आत जाऊन कमांड लाइनवरच करता येईल असं सांगा.

सात रस्ता

बॅकअपचं होटगी रोडवाले सांगतीलच (इथे सगळे आपापल्या भागाच्या नावाने लिहितात), मी कोड आणि रिलीजपुरतं लिहितो. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय, टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग घ्या. स्क्रिप्टमध्ये मुद्दाम लांब पर्याय लिहा. एका अक्षराचा पर्याय सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

आधी एक पक्कं करा: कारखान्यात जाणारी प्रत्येक गोष्ट टॅगवरूनच निघेल, कुणाच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरमधून नाही. टॅग ॲनोटेटेड हवा:

गिट टॅग --ॲनोटेट व्ही१.४.२ --मेसेज="बीम बदलाची नोंद, मजुरी दर दुरुस्त"

साधा टॅग नुसतं एका कमिटला दिलेलं नाव असतं. ॲनोटेटेड टॅगमध्ये कुणी, कधी, कशासाठी हे साठतं, आणि गिट डिस्क्राइब डीफॉल्टने फक्त असेच टॅग धरतं. इथे बरेच जण अडकतात: नुसत्या गिट पुशने टॅग जात नाहीत. एकतर गिट पुश ओरिजिन व्ही१.४.२ करा, नाहीतर पुश.फॉलोटॅग्ज हे कॉन्फिग ट्रू करून ठेवा. तेही फक्त ॲनोटेटेड टॅग नेतं, साधे नाही.

एकदा पुश झालेला टॅग हलवू नका. चूक राहिली असेल तर व्ही१.४.३ काढा. हलवलेला टॅग बाकीच्यांच्या मशीनवर फेच केल्याने आपोआप बदलत नाही, म्हणजे एकाच नावाचे दोन वेगळे कोड फिरत राहतात. तुमची सध्याची अडचण नेमकी हीच आहे.

गिटहबवर रिलीज करत असाल तर गिटहबच्याच जीएच टूलचं जीएच रिलीज क्रिएट सोयीचं आहे, पण त्यात एक खड्डा आहे. दिलेला टॅग रिमोटवरही नसेल आणि तुमच्या मशीनवरही नसेल तर ते थांबत नाही. डीफॉल्ट ब्रँचच्या टोकावर स्वतःच टॅग बनवून मोकळं होतं. तुम्ही टॅग काढायलाच विसरलात आणि मधल्या वेळात कुणी अर्धवट कमिट ढकललं, तर रिलीजमध्ये ते गेलं समजा. म्हणून दरवेळी --व्हेरिफाय-टॅग लावा. टॅग नसेल तर ते तिथेच नकार देतं.

पॅकेज असं काढा:

गिट आर्काइव्ह --फॉरमॅट=टार.जीझेड --प्रीफिक्स=व्ही१.४.२/ --आउटपुट=टॉवेल-व्ही१.४.२.टार.जीझेड व्ही१.४.२

यात फक्त कमिट झालेल्या फाइल येतात, त्यामुळे लॅपटॉपवरची पासवर्डची .एन्व्ह फाइल किंवा अर्धवट प्रयोग चुकून जात नाहीत. टेस्ट, नमुना डेटा वगळायचा तर .गिटॲट्रिब्यूट्समध्ये एक्स्पोर्ट-इग्नोर लिहा. सबमॉड्यूल असतील तर ते आर्काइव्हमध्ये येत नाहीत, हे लक्षात ठेवा. शेजारी एसएचए२५६सम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढून ठेवा आणि कारखान्यात पोचल्यावर --चेकने तपासा. स्वस्त पेनड्राइव्ह फाइल अर्धी लिहूनही कॉपी झाली म्हणतो.

आर्काइव्हमध्ये .गिट फोल्डर नसतं, म्हणून पॅकेज करतानाच गिट डिस्क्राइब --डर्टीचं उत्तर व्हर्जन.टीएक्सटीमध्ये टाका आणि लॉगिन स्क्रीनच्या तळाशी दाखवा. मग फोनवर मुनीमजींना विचारलं की ते वाचून दाखवतील. तिथे व्ही१.४.२-३-जी९ई१एफ४ए२ असं दिसलं तर टॅगनंतरचे तीन कमिट आत आहेत, म्हणजे कुणीतरी नियम मोडलाय. शेवटी डर्टी आलं तर कमिटच न झालेला बदल होता.

नेट नसलेल्या ठिकाणी लायब्ररीही सोबत न्या. ऑफिसात पिप डाउनलोड --डेस्ट व्हील्स --रिक्वायरमेंट रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी, आणि तिथे पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स व्हील्स --रिक्वायरमेंट रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी. डाउनलोड करणारं मशीन त्याच ओएसचं आणि त्याच पायथन व्हर्जनचं हवं, नाहीतर सायकॉपजीसारखी कंपाइल केलेली लायब्ररी बसणार नाही.

सर्व्हरवर जुन्या फोल्डरवर नवीन कधीही टाकू नका. काढून टाकलेल्या फाइल तिथेच राहतात आणि पायथन त्या आनंदाने इम्पोर्ट करतं. त्यापेक्षा रिलीजेस फोल्डरमध्ये प्रत्येक टॅगचं वेगळं फोल्डर, त्यातच त्याचं व्हर्च्युअल एन्व्ह (त्या रिलीजच्या लायब्ररींचा वेगळा संच), आणि बाहेर करंट नावाची सिमलिंक, म्हणजे चालू रिलीजच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक. व्हर्च्युअल एन्व्ह शेवटच्या जागीच बनवा. दुसरीकडे बनवून हलवलं की आतले पाथ तुटतात. लिंक बदलताना एलएन --फोर्सवर विसंबू नका: त्याच्या जुन्या व्हर्जनमध्ये जुनी लिंक आधी पुसली जाते, मग नवी बनते, आणि मधे क्षणभर लिंकच नसते. म्हणून करंट.नवी ही लिंक आधी बनवा आणि मग एमव्ही --नो-टार्गेट-डिरेक्टरी करंट.नवी करंट. हे नाव बदलणं एका झटक्यात होतं. त्यानंतर गनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) पूर्ण रीस्टार्ट करा, नुसत्या रीलोडने मास्टर प्रोसेस जुन्या फोल्डरला धरून राहू शकते. मागचे पाच रिलीज ठेवा. मागे यायचं म्हणजे लिंक जुन्याकडे वळवायची आणि रीस्टार्ट.

पण हे कोडचं झालं. टेबलं सिमलिंकने मागे येत नाहीत, आणि खरी काळजी तिथेच घ्यावी लागते.

जँगोत मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी पायरी) उलटं चालवता येतं, मायग्रेट स्टॉक ००४१ असं. त्यावर विसंबू नका. कॉलम काढणारं मायग्रेशन उलटवलं तर कॉलम परत येतो, आतला डेटा येत नाही. रनपायथनला उलट फंक्शन दिलेलं नसेल तर इररिव्हर्सिबलची एरर येऊन गाडी मध्येच थांबते. म्हणून नियम असा ठेवा की एका रिलीजमध्ये फक्त भर घालायची. नवा कॉलम, नवं टेबल. जुना कॉलम काढायचा तर पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या रिलीजला, जेव्हा त्याला हात लावणारा कोड कोणत्याच कारखान्यात उरलेला नाही.

भर घालतानाही एक बारकावा आहे. नवा कॉलम नॉट नल आणि डीफॉल्टसह दिला, तरी जँगो ते डीफॉल्ट फक्त जुन्या ओळी भरण्यापुरतं वापरतं आणि डेटाबेसमधून काढून टाकतं. मग तुम्ही जुन्या कोडवर परत आलात की जुना कोड त्या कॉलमशिवाय इन्सर्ट करतो आणि प्रत्येक नवी नोंद एरर देते. जँगो ५.० पासून डीबी_डीफॉल्ट आहे, ते वापरा. त्याआधीचं व्हर्जन असेल तर पहिल्या रिलीजला नल=ट्रू ठेवा.

मायग्रेशनच्या आधी मायग्रेट --प्लॅन बघा, शंका असेल तर एसक्यूएलमायग्रेट काढून वाचा. आणि पोस्टग्रेसमध्ये लॉक_टाइमआउट ५ सेकंद ठेवा. ऑल्टर टेबलला पूर्ण टेबलाचं लॉक लागतं. कुणाचा रिपोर्ट दहा मिनिटं चालू असेल तर ऑल्टर त्याच्यामागे थांबतं, आणि ऑल्टरच्या मागे सगळा कारखाना.

होटगी रोड

सात रस्तावाल्यांचं रिलीजचं सगळं मान्य. डेटाकडे वळतो, आणि सुरुवात तुमच्या सध्याच्या डंपपासून करतो, कारण त्यातच तीन-चार गोष्टी चुकत असण्याची शक्यता आहे.

क्रॉनमध्ये पीजी_डंप पाइप जीझिप असं लिहिलं असेल तर पूर्ण ओळीचा निकाल जीझिपचा धरला जातो. डंप पासवर्डअभावी पडला तरी जीझिप यशस्वीच होतं आणि २०-२५ बाइटची सुबक फाइल तयार होते. स्क्रिप्ट बॅशमध्ये ठेवा आणि वर सेट -ओ पाइपफेल टाका. त्याहून बरं म्हणजे पाइपच नको:

पीजी_डंप --फॉरमॅट=कस्टम --फाइल=टॉवेल.टीएमपी टॉवेल

यशस्वी झालं तरच एमव्ही करून शेवटचं नाव द्या. म्हणजे डिस्क भरून अर्धवट राहिलेली फाइल चांगल्या बॅकअपच्या नावाने कधीच दिसणार नाही. नावात तारखेबरोबर रिलीजचा टॅग घाला, टॉवेल-व्ही१.४.२-२०२६०३१४.डंप असं. नुसती तारीख असेल तर रिस्टोअरच्या वेळी हा डंप कोणत्या टेबल-रचनेचा आहे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. व्हर्जन.टीएक्सटी आहेच, स्क्रिप्टने तिथूनच वाचावं.

क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. तारखेची कमांड थेट क्रॉन ओळीत लिहिली की ती तिथेच तुटते. क्रॉनचा पाथही तोकडा असतो. म्हणून क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचं नाव. आणि टाइमडेटसीटीएल चालवून बघा: सर्व्हर यूटीसीवर असेल तर तुमचा रात्रीचा २ चा डंप सकाळी ७:३० ला, पाळी सुरू झाल्यावर निघतोय.

वीज गेली किंवा कुणी मशीन बंद केलं तर क्रॉन ती वेळ सोडून देतं. सिस्टमडी टायमर लावा, ऑनकॅलेंडरमध्ये वेळ आणि पर्सिस्टंट=ट्रू. मशीन सुरू होताच राहिलेला डंप निघतो.

पासवर्ड .पीजीपास फाइलमध्ये, परवानगी ०६००. त्याहून सैल असेल तर पोस्टग्रेस ती फाइल वाचतच नाही आणि डंप पासवर्डसाठी अडतो. --नो-पासवर्ड लावा, म्हणजे अडून बसण्याऐवजी लगेच अपयश कळेल.

डंपमध्ये युजर आणि त्यांचे रोल येत नाहीत. ते पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्लीने वेगळे काढा, लहानशी फाइल असते. जावक चलनांचे स्कॅन वगैरे मीडिया फोल्डरमध्ये असतील तर डेटाबेसमध्ये त्यांचा फक्त पाथ असतो. आधी डंप, मग फाइल, हा क्रम ठेवा. उलटा केला तर डंपमध्ये नोंद आहे पण फाइल नाही, असं होतं. हे फोल्डर रिलीजेसच्या बाहेर हवं.

आता तपासणी. बरेच जण पीजी_रिस्टोअर --लिस्ट चालवून समाधान मानतात. कस्टम फॉरमॅटमध्ये ती यादी फाइलच्या सुरुवातीला असते. पुढचा ४ जीबी कापला गेला तरी यादी व्यवस्थित दिसते. त्याऐवजी पीजी_रिस्टोअर --फाइल=/डेव्ह/नल टॉवेल.डंप चालवा. ते शेवटपर्यंत सगळं उलगडून वाचतं. हे रोज करा.

आठवड्यातून एकदा मात्र खरा रिस्टोअर, आणि तो ऑफिसातल्या मशीनवर:

क्रिएटडीबी --टेम्प्लेट=टेम्प्लेट० तपासणी
पीजी_रिस्टोअर --डीबीनेम=तपासणी --जॉब्ज=४ --नो-ओनर --एक्झिट-ऑन-एरर टॉवेल.डंप
मग पीएसक्यूएलमध्ये ॲनालाइझ.

--एक्झिट-ऑन-एरर नसेल तर पीजी_रिस्टोअर एरर मोजत पुढे जात राहतं. ॲनालाइझ विसरलात तर पोस्टग्रेस १५ मध्ये आकडेवारी कोरी असते, सगळे रिपोर्ट रांगतात आणि रिस्टोअर बिघडला असं वाटतं. नंतर चार गोष्टी पाहा: शेवटचा बिल नंबर, कालची पीसची बेरीज, सुताचा शिल्लक साठा, आणि टेबलनिहाय ओळी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळ लावा. तो आकडा मालकांना सांगायचा आहे: सर्व्हर गेला तर काम किती वेळात सुरू होईल, याचं तेच खरं उत्तर.

इतकं ताणून का सांगतोय, त्यासाठी गिटलॅबचं उदाहरण पुरेसं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे चुकीच्या सर्व्हरवर डेटा फोल्डर पुसलं गेलं, सुमारे ३०० जीबी. रोजचे डंप बघायला गेले तर तिथे काहीच नव्हतं, कारण सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप काढणारी कमांड ९.२ ची. नवीन सर्व्हरचा डंप जुनी पीजी_डंप काढत नाही, एरर देऊन थांबते. त्या अपयशाच्या मेलही पोचत नव्हत्या, कारण डीएमएआरसीच्या (मेल खरंच त्या पत्त्यावरून आली का हे बघणाऱ्या) तपासणीत त्या नाकारल्या जात होत्या. शेवटी सहा तास आधी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) सापडला, तो कामी आला. इतकी माणसं असलेल्या ठिकाणी जे झालं ते चौघांच्या टीममध्ये सहज होऊ शकतं. म्हणून अपयशाची मेल यावी अशी व्यवस्था करू नका, यशाची खूण यावी आणि ती नाही आली की दुसऱ्या मशीनने ओरडावं, अशी करा. ऑफिसातल्या मशीनवर रोज सकाळी फाइंड -एममिन -१५६० चालवा (फाइंडच्या पर्यायाला एकच डॅश): २६ तासांच्या आतली फाइल सापडली नाही तर गडबड आहे. आकारही बघा. कालच्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त घटला तर फोन करा.

त्याच डिस्कवरचा डंप हा बॅकअप धरू नका. कारखान्यातल्या मशीनच्या पंख्यात रुईचे तंतू बसतात, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. डिस्क गेली की डेटा आणि डंप एकदमच जाणार. बाहेर पाठवायला रेस्टिक हे बॅकअपचं टूल घ्या: एन्क्रिप्शन आहे, आणि फक्त बदललेले तुकडे जातात, त्यामुळे कमी नेटवरही चालतं. मात्र दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, रेस्टिकला द्यायच्या डंपला --कॉम्प्रेस=० लावा. कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये आत थोडं बदललं की पुढचं सगळं बदलतं, आणि रोज पूर्ण डंप वर जातो. रेस्टिक ०.१४ पासून कॉम्प्रेशन स्वतः करतं.

दुसरी, रेस्टिकला तारखेच्या नावाची फाइल देऊ नका, कायम एकच फोल्डर द्या. रेस्टिक फरगेट होस्ट आणि पाथ यांनुसार गट पाडून हिशेब करतं. रोज पाथ वेगळा असेल तर प्रत्येक दिवसाचा स्वतंत्र गट होतो, प्रत्येक गटात एकच स्नॅपशॉट, आणि काहीच पुसलं जात नाही. जागा भरल्यावरच ते लक्षात येतं. त्या फोल्डरमध्ये मागचे तीनच डंप ठेवा.

रेस्टिक फरगेट --कीप-डेली ७ --कीप-वीकली ५ --कीप-मंथली १२ --प्रून

आणि महिन्यातून चार वेळा रेस्टिक चेक --रीड-डेटा-सबसेट=५%. नुसतं चेक साठवलेला डेटा उघडून वाचत नाही.

विजापूर रोड

तिसऱ्या कारखान्याच्या विंडोज-मायएसक्यूएलबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात.

विंडोज पॉवरशेलमध्ये मायएसक्यूएलडंपचं आउटपुट बाणाच्या चिन्हाने फाइलमध्ये वळवू नका. फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि परत लोड होत नाही. --रिझल्ट-फाइल वापरा. पीजी_डंपच्या कस्टम फॉरमॅटचंही तसंच, पॉवरशेल ५.१ मध्ये बायनरी फाइल बाणाने वळवली की खराब होते.

पूर्ण ओळ: मायएसक्यूएलडंप --डीफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल=सी:\बॅकअप\बॅकअप.सीएनएफ --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --इव्हेंट्स --हेक्स-ब्लॉब --नो-टेबलस्पेसेस --डीफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ --रिझल्ट-फाइल=टॉवेल.एसक्यूएल टॉवेल. यातला डीफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल हा पर्याय सर्वांत पहिलाच हवा, नाहीतर अनोळखी पर्याय म्हणून एरर येते. ८.०.२१ पासून टेबलस्पेससाठी प्रोसेस परवानगी लागते, नो-टेबलस्पेसेसने ती कटकट टळते. रूटीन्स आणि इव्हेंट्स सांगितल्याशिवाय येत नाहीत, ट्रिगर येतात.

सिंगल-ट्रान्झॅक्शन फक्त इनोडीबी या इंजिनला (मायएसक्यूएलची टेबलं साठवायची पद्धत) लागू आहे. एखादं जुनं टेबल मायआयसॅम या जुन्या इंजिनमध्ये राहिलं असेल तर त्याची प्रत बाकीच्यांशी जुळेलच असं नाही. इन्फर्मेशन_स्कीमाच्या टेबल्समध्ये इंजिन कॉलम बघून घ्या आणि राहिलेली बदला. डंप चालू असताना मायग्रेशन चालवू नका.

डंपची शेवटची ओळ डंप कम्प्लीटेड अशी कॉमेंट असते. ती नसेल तर फाइल अर्धवट.

आणि सात रस्तावाल्यांच्या मायग्रेशनच्या मुद्द्याला इथे जास्त धार आहे. पोस्टग्रेसमध्ये जँगोचं मायग्रेशन मध्येच पडलं तर तेवढं सगळं मागे जातं. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक ऑल्टर लगेच कमिट होतो. पाचपैकी तिसऱ्या पायरीवर पडलं तर दोन झालेल्या राहतात, आणि जँगोच्या यादीत मायग्रेशन झालेलं दिसत नाही. पुन्हा चालवलं की कॉलम आधीच आहे म्हणून एरर. त्यामुळे मायएसक्यूएलसाठी एका मायग्रेशनमध्ये एकच बदल ठेवा. माझं मत विचाराल तर चौघांनी दोन डेटाबेस सांभाळू नयेत. मार्चनंतर तिसरा कारखानाही पोस्टग्रेसवर आणा.

जुळे सोलापूर

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. टॅग आणि आर्काइव्हची स्क्रिप्ट आज लिहायला घेतली. तीन शंका. गिट रिपॉझिटरीचा स्वतःचा बॅकअप मिरर क्लोनने (मूळ रिपॉझिटरीची हुबेहूब प्रत) घेतला तर चालेल का? रेस्टिकचा पासवर्ड कुणाकडे ठेवायचा? आणि रात्रीचा डंप म्हणजे दिवसभराची नोंद जाऊ शकते, त्यावर वॉल आर्काइव्हिंग (पोस्टग्रेसच्या प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या फाइल सतत बाजूला जपणं) लावायलाच हवं का?

नवी पेठ

मिरर क्लोन हा बॅकअप होत नाही. वर कुणी फोर्स पुश केलं की पुढच्या अपडेटला मिररमध्येही तेच होतं, आणि अपडेटला --प्रून लावलं असेल तर पुसलेली ब्रँचही जाते. आठवड्याला गिट बंडल क्रिएट टॉवेल-तारीख.बंडल --ऑल करा. पूर्ण इतिहास एका फाइलमध्ये येतो. गिट बंडल व्हेरिफायने तपासा, आणि गिट क्लोन टॉवेल-तारीख.बंडल केलं की रिपॉझिटरी उभी. गिट एलएफएस वापरत असाल तर त्या मोठ्या फाइल बंडलमध्ये नसतात. हा बंडल ग्राहकाकडे देऊ नका: कधीकाळी कमिट झालेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात असतो. असा पासवर्ड सापडला तर आधी पासवर्ड बदला, इतिहास साफ करणं नंतरचं.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला, कुणीच परत देऊ शकत नाही. रेस्टिक की ॲडने दुसरा पासवर्ड जोडता येतो. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून मालकांच्या तिजोरीत. तिसऱ्या मशीनवरून त्या कागदावरच्या पासवर्डने एकदा रिस्टोअर करून बघा, ० आणि ओ मधला गोंधळ तेव्हाच कळतो.

वॉलबद्दल माझं वेगळं मत आहे. ६ जीबीला सध्या ते ओझं होईल. आर्काइव्ह_कमांड अपयशी होत राहिली तर पोस्टग्रेस वॉल फाइल पुसत नाही, पीजी_वॉल फोल्डर फुगत जातं आणि डिस्क भरली की डेटाबेसच बंद पडतो. ज्या कारखान्यात नेटचा भरवसा नाही तिथे हे व्हायला वेळ लागणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक पाळी बदलताना एक डंप घ्या. पीजी_डंप चालू असताना वाचणं-लिहिणं थांबत नाही, फक्त ऑल्टर टेबलसारखे बदल अडतात.

होटगी रोड

पाळीनुसार डंप मान्य, सध्या तेवढं पुरे. पुढे वॉल लावाल तेव्हा आर्काइव्ह आधी त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि बाहेर नंतर पाठवा, म्हणजे नेट गेल्याने काही अडत नाही. कमांडने आधीची फाइल कधीही ओव्हरराइट करायची नाही आणि फाइल पक्की उतरल्यावरच शून्य परत द्यायचं.

मार्चअखेरबद्दल: २५ मार्चपासून रिलीज बंद ठेवा. १ एप्रिलला बिलांची नवी मालिका सुरू होते, मग जीएसटीच्या मासिक रिटर्नच्या तारखा, जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २०. तोवर फक्त अडलेलं काम सोडवणारी दुरुस्ती जाऊ द्या, तीही चालू टॅगवरून: गिट वर्कट्री ॲड -बी दुरुस्ती ../दुरुस्ती व्ही१.४.२. मेनवरचं नवं काम त्यात मिसळत नाही. नंतर तीच दुरुस्ती मेनवर चेरी-पिक करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या रिलीजला जुनी चूक परत येते.

आणि बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट रिस्टोअरच्या कागदावर ठळक लिहून ठेवा. समजा दुपारी ३ ला डेटाबेस गेला आणि तुम्ही सकाळच्या पाळीचा डंप बसवला. त्या डंपमध्ये शेवटचं बिल ११८०. पण दिवसात १२०४ पर्यंत बिलं छापून माल गाडीत गेलेला आहे. सिस्टीम तशीच उघडून दिली तर पुढचं बिल पुन्हा ११८१ निघेल, दुसऱ्या ग्राहकाच्या नावाने. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा. म्हणून रिस्टोअर झाल्यावर लॉगिन बंदच ठेवा, कार्बन प्रती किंवा पाठवलेल्या पीडीएफ काढा, ११८१ ते १२०४ त्यांच्या मूळ क्रमांकांनी भरा, सिक्वेन्स वापरत असाल तर सेटव्हॅलने १२०४ वर न्या, मुनीमजींकडून शेवटच्या बिलाची खात्री करून घ्या आणि मगच बाकीच्यांसाठी उघडा. बिल निघाल्याबरोबर त्याची पीडीएफ दुसऱ्या मशीनवरच्या फोल्डरमध्ये पडेल एवढी सोय आत्ताच करून ठेवली, तर हे भरणं तासाभरात होतं.